सारख्या खेळ्या म्हणजे कंटाळवाणा डाव नव्हे

ताई, तुमच्या मुलीच्या अंडर-१३ बुद्धिबळ स्पर्धेतल्या बरोबरीत सुटलेल्या डावात दोघींनी सहा खेळ्या हुबेहूब सारख्या केल्या, म्हणून तो डाव 'नुसती नक्कल' होता, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. सिमेट्रिकल इंग्लिश या सुरुवातीच्या पद्धतीत सी-प्यादी (सी या उभ्या पट्टीतली), घोडे, जी२-जी७ चे उंट, दोघींचा किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र खेळी), इथपर्यंत सगळं सारखंच असतं. पण पुढची खेळी पांढऱ्याची. तिथे डी४ (प्यादं डी४ या घरात) खेळलं की पट उघडतो आणि आरसा फुटतो. तुमच्या मुलीने तेव्हा काय खेळलं, खरा प्रश्न तो आहे.

आंधळ्या नकलेचा धोका मुलांना दाखवायचा असेल तर पेत्रोव्ह ही दुसरी सुरुवात घ्या. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६. पांढरा घोडा ई५ चं प्यादं मारतो, काळाही लगेच ई४ चं मारतो. मग पांढरा वजीर ई२ वर. काळा घोडा घाबरून एफ६ ला परतला, की पांढरा घोडा सी६ वर! घोडा बाजूला होताच मागून वजिराचा उघडा शह, आणि घोड्याचा मारा थेट डी८ च्या वजिरावर. वजीर गेलाच. काळ्याने आधी डी६ खेळून घोडा हुसकवायचा, ई४ चं प्यादं नंतर मारायचं. पटावर एकदा हे करून दाखवा, मुलं विसरत नाहीत.

आणि बरोबरीबद्दल तिला रागावू नका हो. सातव्या खेळीपासूनचा डाव इथे लिहा, बघूया.