मदत हवी आहे: पावसातल्या जंगलाचं चित्र कसं वाचावं?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात राहते, हौसेने तैलरंगात काम करते. सध्या रशियन चित्रकार इवान शिश्किन यांचं 1891 चं ओकच्या जंगलातल्या पावसाचं चित्र अभ्यासतेय. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे, माझ्याकडे छापील प्रत.

चिखलाची वाट, डबकी, एका छत्रीखाली पाठमोरं जोडपं. जवळचे बुंधे गडद, सालीसकट स्पष्ट. मागची झाडं करड्या-हिरव्या धुक्यात विरत गेलेली. एवढं मळभ असूनही चित्र मला उदास वाटत नाही, उलट फार निवांत वाटतं. हे कशामुळे? डबक्यांतल्या उजेडामुळे, की त्या जोडप्यामुळे? छत्री बोटाने झाकून पाहिली तर जंगल एकदम परकं होतं!

दुसरं म्हणजे धुकं. खालचा रंग ओला असतानाच कडा मऊ केल्या असतील, की वाळल्यावर वरून पातळ पारदर्शक थर दिले असतील? मी ओल्यात करते तेव्हा सगळं गढूळ होतं. पांढरा किती आणि कधी मिसळावा?

वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात युरोपीय तैलचित्रं आहेत. ती समोर उभं राहून समजावणारं कुणी जाणकार इथे असेल तर कृपया सांगा, रविवारी येऊ शकते.