मदत हवी आहे: कागदी किल्ल्याचे बुरुज एका रंगाचे, तटबंदी दुसऱ्याच

दिवाळीच्या किल्ल्यासाठी कागदी महादरवाजाची जुनी एसव्हीजी फाइल (रेषा-आकारांत साठवलेलं चित्र) इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बदलतोय. करडा दगड काढून काळसर तपकिरी भरला, बुरुजांच्या सांध्यांवर ब्लर (कडा धूसर करणं) लावून सावली दिली. एकूण चार ए-फोर पानं.

मापाचा घोळ सुटलाय. 10 सेंमीची पट्टी 9.4 सेंमी छापून येत होती. फाइल 90 डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके धरायचे त्या मापाच्या) जमान्यातली निघाली, हल्ली 96 धरतात. प्रिंटही 100 टक्क्यांवरच घेतो, ‘फिट टू पेज’ नाही.

अडलंय ते रंगात. चारही पानांत रंगाचा कोड एकच आहे, स्क्रीनवर सगळं सारखं दिसतं. पण पीडीएफ छापली की सावलीची दोन पानं हिरवट येतात, बाकीची दोन ठीक. बुरुज तटाला चिकटवला की शेवाळ धरल्यासारखा दिसतो! (पावसाळ्यात खपलं असतं.)

सावली काढली तर रंग जुळतो, पण बुरुज सपाट दिसतो. 300 डीपीआयची पीएनजी (ठिपक्यांचं सपाट चित्र) छापली तरी रंग जुळतो, मात्र घडीच्या बारीक तुटक रेषा फिसकटतात आणि कापताना डोळे फुटतात. प्रिंटर आणि 180 जीएसएम (जाडीचं माप) कागद दोन्ही वेळा तेच होते.

लिनक्स वापरतो, विकतचं सॉफ्टवेअर नको. दुकानदार फक्त पीडीएफ घेतो, त्याच्या मशीनच्या सेटिंगला हात लावू देत नाही.

रंग आणि सावली तेवढी चित्र म्हणून सपाट करून, कापायच्या व घडीच्या रेषा वर व्हेक्टरच (ठिपके न करता मूळ रेषाच) ठेवायच्या, असं एकाच पीडीएफमध्ये कसं करायचं? आणि तसं केल्यावर चारही पानं एकाच रंगात येतील ना?