मदत हवी आहे : चाकांच्या टेबलांना वीज कुठून द्यायची?

बाणेरला भाड्याचं ऑफिस आहे, साधारण २,५०० चौरस फूट, ४० माणसं. ठरलेल्या जागा मोडून चाकांची टेबलं आणि मधे हिरवा कोपरा करतोय. झाडांचं जमलं. खिडक्या उत्तरेला, त्यामुळे स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट मजेत आहेत; अरेका पाम तेवढा एसीच्या झोतात करपला.

अडलंय ते विजेवर. मालक फरशी फोडू देत नाहीत, वर फॉल्स सीलिंग आहे. एक्स्टेंशन बोर्ड लावून पाहिले, पण वायरी पायात येतात आणि टेबल सरकवलं की प्लग निघतो. मग चाकं कशाला घेतली! भार फक्त लॅपटॉप आणि एकेका मॉनिटरचा. छतातून खाली येणारे पॉवर पोल (आतून वायरी आणलेले, सॉकेट असलेले खांब) कुणी बसवलेत का, आणि त्यानंतर टेबलं खरंच कितपत हलवता येतात?