मदत हवी आहे : अपघातानंतर ह्यांना टोमणा कळत नाही, बोलण्याचं भान राहत नाही

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझे मिस्टर (वय ४१) गेल्या जूनमध्ये कराडहून येताना मोटरसायकलवरून पडले. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. मार कपाळाच्या बाजूला. ९ दिवस बेशुद्ध, पुढे दीड महिना दवाखाना. आज चालतात, हिशेब करतात, बोलणं एकदम स्वच्छ. भेटायला येणारा म्हणतो, "देवाची कृपा, काहीच झालं नाही." मी काय सांगणार?

परवा जेवायला उशीर झाला म्हणून सासूबाई म्हणाल्या, "ये बाबा, अजून तासभर पारावर बसला असतास तरी चाललं असतं." हे "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि परत गेले. तासाभराने आले. सासूबाई ताट झाकून रडत बसलेल्या. आईनेच जा म्हटलं आणि आता रडतेय कशाला, हे काही त्यांना कळेना.

आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, बघा की जरा." म्हणजे भाव कमी करा, हे शेंबडं पोरही जाणतं. हे विचारतात, "काय बघू?" हाच माणूस पूर्वी गिऱ्हाईकाच्या खाकरण्यावरून ओळखायचा, उधारी मागायला आलाय की फेडायला.

चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला तर हद्द झाली. सगळे गप्प बसलेले आणि हे ठिबकच्या नळ्यांचे भाव सांगत सुटले. मी डोळे वटारले, खोकले. तर मोठ्याने, "काय गं, खोकतेस कशाला? औषध घे." दोघेतिघे हसले. तेव्हापासून मी ह्यांना घेऊन कुठे जायचंच टाळते.

डॉक्टर म्हणतात स्कॅन आता चांगला आहे. एका स्पीच थेरपिस्टकडे नेलं, तिथून १० मिनिटांत परत. "शब्द सापडतात, उच्चार स्पष्ट आहेत, माझ्याकडे कशाला आणलंत?" दीर म्हणतात, लाडावलाय.

हे मेंदूचं आहे की स्वभावच बदलला? चारचौघांत टोकावं का? आणि नेमकं जायचं कोणाकडे? (कृपया ब्राह्मी, बदामतेल आणि मंत्र सुचवू नका. तिन्ही झालंय.)

प्रतिसाद १

ताई, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. त्या थेरपिस्टने वाचाघात आहे का एवढंच पाहिलेलं दिसतं. वाचाघातात शब्द आणि व्याकरण बिघडतं, ते तुमच्या यजमानांचं शाबूत आहे. बिघडलंय ते शब्दांमागचं काम. पुढच्या ठिकाणी 'कॉग्निटिव्ह कम्युनिकेशन डिसऑर्डर' हेच शब्द वापरून विचारा.

डोकं आपटतं तेव्हा कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू कवटीच्या खडबडीत हाडावर घासला जातो. शिवाय झटक्याने आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, आणि ते सीटी स्कॅनमध्ये दिसतीलच असं नाही. आता टोमणा कळायला काय काय लागतं बघा. वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, सासूबाईंचा स्वर आणि चेहरा वाचायचा, त्यांच्या मनात काय आहे ते ताडायचं आणि पहिला सरळ अर्थ बाजूला सारून दुसरा उचलायचा. हे सगळं क्षणात. यातलं एक जरी हुकलं की हातात उरतात नुसते शब्द. दहाव्याच्या वेळी आणखी एक गोष्ट कमी पडली, स्वतःला आवर घालणं. तेही कपाळामागच्याच भागाचं काम.

सिडनीत तयार झालेली टॅसिट नावाची चाचणी आहे. तिच्या चित्रफितींत नट कधी मनापासून बोलतात, कधी टोमणा मारतात. कुठलं काय ते रुग्णाने ओळखायचं. ती इंग्रजीत आहे. तुमच्या सासूबाईंची परीक्षा त्याहून कडक दिसते! ला ट्रोब ही संभाषणातल्या अडचणींची प्रश्नावली मात्र समजावून घेण्यासारखी आहे: ३० प्रश्न, एकदा रुग्णाने भरायचे, एकदा घरच्यांनी. दोन्हींत मोठी तफावत आली तर समजायचं, आपल्यातला बदल त्यांना दिसतच नाही. तो हट्ट नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात असंही दिसलं, की एकट्या रुग्णाला शिकवण्यापेक्षा त्याच्याशी रोज बोलणाऱ्यालाही सोबत शिकवलं तर संभाषण जास्त सुधारतं. तेव्हा खोकणं बंद. एक खूण दोघांनी आधी ठरवा, मनगटावर हात वगैरे. चारचौघांत तेवढीच. बाकी घरी आल्यावर, शांतपणे, एकाच प्रसंगाबद्दल. आणि आईंनी सरळ सांगावं: "उशीर झाला, मला वाईट वाटलं, बस जेवायला."

बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या रुग्णालयात न्यूरोसायकॉलॉजी विभाग आहे. जवळ हवं तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, वाचा-श्रवणाची. फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काहींनी चिडचिड वाढते. मनाने बंद करू नका.

प्रतिसाद २

मला ६ वर्षांपूर्वी डोक्याला लागलंय, म्हणून आतून सांगतो. पाचजण बोलत असले की माझं पंक्तीतल्यासारखं होतं. मी वरणासाठी वाटी पुढे करेपर्यंत वाढपी जिलबी घेऊन पुढे गेलेला असतो. म्हणून मी मध्येच तोंड घालतो. लोक उद्धट म्हणतात. थांबलो तर बोलायचं तेच विसरतो, हे कुणाला सांगू? आता खिशात वही ठेवतो, एक शब्द टिपला की पुरे. ठिबकच्या भावाचं म्हणाल तर, जे पाठ आहे ते बोलताना माणूस घसरत नाही. मीही गप्पांमध्ये क्रिकेटवरच जाऊन बसतो. आणि महत्त्वाचं काही संध्याकाळी विचारू नका, तोवर डोकं दमलेलं असतं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. वाढपी वाचून रडू आलं, खरं सांगते. ह्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मला पण वही आण."

दुकानात "भाव एकच" अशी पाटी लावलीय. थोडी गिऱ्हाइकं तुटतील, तुटू देत.

सासूबाईंना सरळ बोलायची विनंती केली. म्हणाल्या, "हो का! आता सुनेकडून बोलायला शिकायचं राहिलंय." हे शेजारीच होते. म्हणाले, "शीक की, आई."

वांद्र्याला कोणी जाऊन आलं असेल तर केसपेपर किती वाजता काढावा लागतो, व्यक्तिगत निरोप करा. रात्रीच्या गाडीने निघणार आहोत.