मुक्कामाची सॅक 15.8 किलो झालीय, वजन कुठून उतरवू?

घोडबंदरचा_भटक्या (ठाणे):
नमस्कार मंडळी. डिसेंबरात हरिश्चंद्रगड ठरवलाय, खिरेश्वरहून टोलार खिंडीने वर आणि एक मुक्काम, मी आणि माझी बारावीतली लेक. तिचा हा पहिलाच मुक्कामी ट्रेक आहे त्यामुळे तो नीट व्हावा असं फार मनात आहे. काल सगळं भरून सॅक हुकच्या काट्याला लटकवली तर 15.8 किलो! वय 46, उतरताना डावा गुडघा बोलतो. मग एकेक वस्तू काढून किचनच्या काट्यावर ठेवली. रिकामी सॅक 2.3, तंबू 2.6, स्लीपिंग बॅग 1.9, योगा मॅट 1.1, पाणी 4 लिटर म्हणजे 4 किलो, स्टीलचा थर्मास 700 ग्रॅम, 20000 ची पॉवर बँक 450, बाकी कपडे, शिधा आणि बारीकसारीक. नुसतं झोपायचं सामान साडेपाच किलोच्या वर जातंय. लेकीच्या पाठीवर 6 किलोच्या वर देणार नाही आणि या महिन्यात महागडी खरेदी जमणार नाही. कुठून सुरुवात करू?

पारसिक_वारा (ऐरोली):
दादा, तोलून बघितलंत हेच अर्धं काम झालं, बहुतेक जण अंदाजाने भरतात. योगा मॅट घरी ठेवा, ती पाय घसरू नये म्हणून बनवलेली असते, थंडी अडवायला नाही. साधी फोमची कॅरीमॅट घ्या, साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि स्वस्त असते. मी तर माझी कात्रीने कापलीय, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच ठेवली, पाय रिकाम्या सॅकवर टाकायचे आणि डोक्याखाली जॅकेटची घडी. गेली चार वर्षं असाच झोपतोय, अडचण आली नाही. पॉवर बँक 10000 ची पुरते एका रात्रीला, वजन निम्मं होतं.

kalwa नाही_कळवा:
मी म्हणेन स्लीपिंग बॅगच नको, एक शाल आणि स्वेटर घ्या, आम्ही पूर्वी असंच जायचो. जोडीला ती चंदेरी इमर्जन्सी शीट ठेवा, मुठीएवढी असते, वजन साठेक ग्रॅम.

पारसिक_वारा (ऐरोली):
@kalwa नाही_कळवा, इथे माझं अजिबात पटत नाही. गड 1424 मीटर उंच आहे, हजार मीटरला साधारण 6 अंश धरा, म्हणजे ठाण्यात पहाटे 18 असेल तर वर 9-10 आणि कोकणकड्याकडून वारा असतो तो वेगळा. रतनगडाच्या गुहेत मी एकदा शालीवर रात्र काढलीय, दोन वाजल्यापासून दात वाजत होते, सकाळी बुटाची लेस बांधायला बोटं चालेनात आणि तसाच शिडी उतरलो, आजही आठवलं की वाटतं की तेव्हा काही झालं असतं तर. पहिल्यांदा येणाऱ्या पोरीला असं झोपवू नका. चंदेरी शीट जरूर ठेवा पण ती जखमी माणसाला गुंडाळायला. तिच्यात झोपलात तर अंगाची वाफ आतून धरते आणि कपडे ओले होतात.
अजून एक, बॅग कितीही जाड असली तरी अंगाखाली ती दबते, दबली की तिच्यातली हवा जाते आणि ऊब हवेमुळेच असते. म्हणून जमिनीची थंडी मॅटच अडवते. मॅट चांगली असेल तर हलकी बॅग भागते.

नेरुळची_ताई:
तंबूचं कुणी बोललंच नाही 🙂 गडावर गावातली मंडळी तंबू देतात, जेवणही मिळतं, आधी खिरेश्वरमध्ये फोनवर विचारून ठेवा. 2.6 किलो तिथेच गेले, स्टोव्ह-शिधा पण गेला, गरम पिठलं-भाकरी मिळते आणि पैसे गावात राहतात. स्लीपिंग बॅगेच्या आत घालायला मी आईची जुनी मऊ सुती साडी दुमडून तीन बाजूंनी शिवलीय, पिशवीसारखी. आत ऊब वाढते, बॅग घामट होत नाही आणि घरी आल्यावर फक्त साडी धुवायची. झोपताना घामाचे कपडे बदलायचेच, कोरडा बनियन आणि कोरडे मोजे पॉलिथिनमध्ये बांधून वेगळे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. जीन्स नेत असाल तर काढा, ती जड आणि ओली झाली की वाळत नाही.
पाणी मात्र कापू नका. खिंडीच्या वर रेलिंग धरून चढायचा कातळ आहे, पुढे पठारावर ऊन लागतं. माणशी 3 लिटर धरा, थर्मासऐवजी साध्या प्लास्टिकच्या बाटल्या, आणि जड वस्तू सॅकच्या मध्यावर, पाठीला चिकटून भरा. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचे, गुडघ्याला खूप फरक पडतो.

घोडबंदरचा_भटक्या (ठाणे):
सगळ्यांचे मनापासून आभार. तंबू, थर्मास, जीन्स, स्टोव्ह-शिधा बाहेर, पॉवर बँक भावाची 10000 ची घेतली, गोखले रोडवरून दोन कॅरीमॅट आणल्या. माझं पाणी 3 लिटर केलं, लेक तिचं 3 लिटर स्वतः नेणार, तरी तिची सॅक 6 च्या आत बसली. माझा काटा आता 9.4 दाखवतोय. स्लीपिंग बॅग ठेवलीच आहे, रतनगडाचं वाचून तिला हात लावला नाही. सॅक भरून बिल्डिंगचे 14 मजले जिन्याने चढून-उतरून आलो, गुडघा पहिल्या फेरीत गप्प होता, दुसऱ्या फेरीत उतरताना थोडा बोलला, म्हणून रोज संध्याकाळी एक फेरी करणार आहे. बायको साडी शोधतेय कपाटात. ताई, शिलाई दुहेरी मारावी लागते का?