आजीच्या कारल्याच्या बिया चौथ्याच दिवशी रुजल्या!! आता पुढे काय करू?

अंगणवेल (पुणे), गुरुवार सकाळ
नमस्कार मंडळी, पहाटेपासून कधी एकदा कोणाला सांगते असं झालंय, घरात सगळ्यांना दोन-दोनदा दाखवून झालं म्हणून आता इथे लिहिते.

माझी आजी वाईजवळ एका गावात राहायची. तिच्या परसात कारल्याचा वेल असायचा, छोटी गडद हिरवी काटेरी कारली, बाजारात येतात तशी लांब फिकी नाही. शेवटचं कारलं ती वेलावरच पिकू द्यायची, ते केशरी होऊन उकललं की आतला लाल गर राखेत चोळून बिया काढायची आणि राखेतच पुरचुंडी बांधून ठेवायची. आजी जाऊन दोन वर्षं झाली. घर आवरताना पुरचुंडी सापडली, त्यात मोजून पंधरा बिया.

त्यातल्या आठ मी जानेवारीत लावल्या. सोळा दिवस वाट बघितली, एक कोंब आला तोही दोन दिवसात आडवा झाला, बाकीच्या उकरून बघितल्या तर कुजलेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. उरल्या सात, आणि त्यांना हात लावायचीच भीती वाटत होती.

शेवटी परवाच्या रविवारी धीर केला. प्रत्येक बीची कड नेलकटरने अगदी जराशी कुरतडली, रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, सोमवारी सकाळी ओल्या सुती कपड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवल्या. तिथे आत्ता मे महिन्यात भट्टीच असते. मनाशी धरलं होतं की दोन आठवडे तरी बघायचं नाही पण राहवलं नाही, आज कपडा उघडला तर पाच बियांना पांढरं मूळ!! एकाचं तर बोटाच्या पेराएवढं. मी तिथेच स्टुलावर उभी राहून आईला फोन लावला, ती पण रडली.

आता प्रश्न. इतक्या लवकर आल्या म्हणजे काही बिघडलं तर नाही ना, रोपं कमजोर निघतील का? लगेच मातीत लावू का अजून थांबू? आणि ज्या दोन अजून तशाच आहेत त्यांचं काय?

काळी_माती
अभिनंदन ताई! बिघडलं काही नाही, उलट जानेवारीतच अवेळी लावल्या होत्या तुम्ही. घरी मटकी भिजवता ना, थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात आणि उन्हाळ्यात रात्रीत डबा भरून मोड येतात, तेच आहे हे. कारलं उन्हाळी वेल, त्याच्या बीला २५ ते ३० डिग्री ऊब लागते. पुण्यात जानेवारीत रात्री पारा १०-१२ वर जातो, त्यात ओली माती, बी आत पाणी पिऊन बसते पण पुढे सरकत नाही आणि बुरशी तिला गाठते. तुमच्या त्या आठ बिया जुन्या म्हणून गेल्या नाहीत, थंडीने गेल्या.

मूळ आलंय ना, आजच लावा. उद्यावर टाकू नका, मूळ कपड्याच्या धाग्यात अडकलं की सोडवताना तुटतं.

पेशी
काळी_माती यांनी सांगितलंय त्यात थोडी भर. कारल्याच्या बीत दोन जाड दळं असतात आणि त्यात तेल आणि प्रथिनं साठवलेली असतात. पाणी आत गेलं की विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि तो साठा कोंबाला वापरता येईल असा करून देतात. ही सगळी कामं उबेत भराभर होतात. वरचं टरफल टणक, त्यातून पाणी शिरायलाच वेळ लागतो, तो वेळ तुम्ही नेलकटरने वाचवलात. शिवाय बी चांगली वाळलेली होती म्हणून जीव टिकला, राख ओलावा शोषून घेते त्यामुळे बी कोरडी राहते. आजींना हे सगळं माहीत होतं, फक्त त्यांनी वेगळ्या शब्दात सांगितलं असतं.

बी टिकते किती म्हणाल तर मासाडाच्या किल्ल्यात सापडलेली खजुराची बी, जवळपास २००० वर्षं जुनी, २००५ मध्ये इस्राएलमध्ये रुजली. कोरड्या वाळवंटी हवेत राहिली म्हणून. पण कांद्याचं बी साध्या घरात ठेवलं तर वर्षभरातच उतरतं, म्हणजे जातीजातीवर आहे.

बागवेडी_सातारा
वाचून अंगावर काटा आला गं! माझं ऐकशील तर थेट मोठ्या ग्रोबॅगमध्येच लाव, १५ इंची घे, काकडीवर्गातल्या वेलांना मुळं हलवलेली चालत नाहीत.

काळी_माती
@बागवेडी, मुळांचं बरोबर आहे पण या पाच बिया परत मिळायच्या नाहीत. गच्चीवर मेच्या उन्हात बॅग तापते, वर मुंग्या, चिमण्या. मी कागदी कपात लावीन, निम्मं कोकोपीट निम्मं गांडूळखत, मूळ खाली करून पाऊण इंच खोल. दोन-तीन खरी पानं (दळांनंतर येणारी) आली की कप फाडून मातीच्या गोळ्यासकट बॅगमध्ये, मुळाला कळत पण नाही. कोंब मातीवर दिसला की त्याच दिवशी उजेडात आणा, सकाळचं कोवळं ऊन, नाहीतर दांडा लांबुडका होऊन मान टाकतो. पाणी माती हाताला कोरडी लागली तरच. जानेवारीतला तुमचा कोंब आडवा झाला ना, ती मर होती, म्हणजे बुरशीने कोवळा दांडा कुजतो तो रोग, ओल जास्त झाली की होतो.

राहिलेल्या दोन टाकू नका!! कपडा बदलून परत माळ्यावर ठेवा, बारा दिवसांपर्यंत मी आशा सोडत नाही. बोटाने दाबून बघा, घट्ट आहेत तोवर जिवंत समजा.

बागवेडी_सातारा
हो कप पटला, पाचच आहेत म्हटल्यावर.
अजून एक, पुढच्या बियांचं आत्ताच ठरव. जवळपास कोणी बाजारातली कारली लावली असतील तर मधमाशा परागकण इकडचे तिकडे करतात आणि आजींची जात मिसळून जाईल. मादी कळीच्या मागे इवलंसं कारलं असतं त्यावरून ओळखू येते. उमलायच्या आदल्या संध्याकाळी तिला मलमलची छोटी पिशवी बांध, एका नर कळीलाही बांध, सकाळी त्याच नराचं फूल तिच्यावर टेकव आणि पिशवी परत बांध. त्या फळाला दोरा बांधून ठेव म्हणजे घरात कोणी चुकून भाजीला तोडणार नाही. फळमाशी पण येईल, कामगंध सापळा (वासाने नर माश्या ओढून अडकवणारा) आधीच आणून ठेव.

अंगणवेल (पुणे), पुढचा मंगळवार
सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच दुपारी पाचही कपात लावल्या. काल चार वर आल्या, आज सकाळी पाचवी. दोघींच्या डोक्यावर टरफल टोपीसारखं अडकलंय, ओढलं नाही, पाण्याचा फवारा मारतेय, एकीचं दुपारी आपोआप गळलं. आणि कपड्यातल्या दोनपैकी एकीला काल आठव्या दिवशी मूळ आलं, सहा झाल्या!!! सातवी अजून घट्ट आहे, तिला परत माळ्यावर ठेवलंय.

आईसाठी दोन कप वेगळे काढलेत, रविवारी घेऊन जाते. ती म्हणाली मांडव बाबांकडून आजच बांधून घेते.