रोल-ओव्हर, ब्रिज करताना वारा सुटतो : व्यायामाचा क्रम बदलावा की जेवण?

मॅटवाली_भुसावळ
सकाळी ६.३० ची पिलाटीजची बॅच, १२ जणी, सगळं मॅटवर. हंड्रेडपर्यंत (पडून, डोकं-पाय उचलून हात हलवत शंभर मोजणं) ठीक चालतं. रोल-ओव्हर (पाठीवर पडून पाय डोक्यामागे नेणं), रोलिंग लाइक अ बॉल (गुडघे छातीशी धरून पाठीवर मागेपुढे लोळणं) आणि ब्रिज (पडून कंबर वर उचलणं) आले की कुणाचा ना कुणाचा वारा सुटतोच. मग ती बाई उरलेला वेळ श्वास कोंडून, अंग आवळून काढते आणि व्यायाम वाया जातो. थंडीत हे जास्त. क्रम बदलून फरक पडेल का? आणि रात्रीच्या जेवणाबद्दल नेमकं काय सांगावं? 'हलकं खा' म्हटलं तर कुणी मनावर घेत नाही.

तापीकाठ
थंडी म्हणजे भरताचे दिवस. पण ताई, दोष वांग्याला देऊ नका, भाजलेलं वांगं बऱ्याच जणांना सोसतं. वायू धरतो तो भरतातल्या पातीच्या पांढऱ्या कांद्यामुळे, लसणामुळे आणि सोबतच्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीमुळे. कांदा-लसणातलं फ्रुक्टन (साखरेचीच लांब साखळी) आणि कळण्यातल्या उडदाच्या रॅफिनोजसारख्या साखरा पचवायचं विकरच (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन, हे सगळे बिनवासाचे. वास येतो तो गंधकाच्या अगदी चिमूटभर संयुगांचा.

खरा घोळ वेळेचा आहे. खाल्लेलं मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण ५-६ तास लागतात. रात्री ९.३० ला जेवलं की पहाटे तीननंतर आंबायला सुरुवात, आणि ६.३० ला भट्टी ऐन रंगात. म्हणून सकाळी उपाशीपोटी आलेलीचीही सुटका नाही. उलट व्यायामाआधी खाल्लेलं अर्धपिकं केळं बिचारं उगाच बदनाम होतं. त्यातला न पचणारा स्टार्च नडलाच तर दुपारी नडेल, तुमच्या वर्गात नाही.

तेव्हा 'हलकं खा' ऐवजी 'दुपारी खा' असं सांगा. भरीत-कळणं, शेवभाजी, फौजदारी डाळ, सगळं दुपारच्या ताटात. वर्गाच्या आदल्या रात्री आठच्या आत दादरची (ज्वारीची) भाकरी, गिलक्याची भाजी, वाटीभर पातळ मुगाचं वरण. कडधान्य करायचंच असेल तर ८-१० तास भिजवून ते पाणी फेकून द्यायचं. बऱ्याचशा त्या साखरा पाण्यात उतरतात. तेच पाणी 'सत्त्व जाईल' म्हणून भाजीत ओततात, तिथं सगळं मुसळ केरात.

गिरणाकाठचा_भाऊ
एवढं कशाला? पहिल्यापासून शेवटपर्यंत खालून घट्ट आवळून धरायला सांगा, संपला विषय.

मणके_आणि_मी (फिजिओ)
नाही भाऊ, तिथंच बिघडतं. गुदद्वाराला दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला आपल्या हातात नाही, बाहेरचा आहे. बाहेरचा सलग तासभर आवळला तर तो थकतो आणि ऐन वेळी दगा देतो. वर श्वास कोंडला की पोटातला दाब खाली उतरतो आणि जे अडवायचं होतं तेच ढकललं जातं. श्वास सोडत कंबर उचलायची, जोर लावायच्या क्षणी खालचे स्नायू हळूच वर ओढायचे आणि खाली आलं की पूर्ण सैल सोडायचे.

आता याच व्यायामांत का? वायू हलका, तो उंच भागाकडे जातो. कंबर छातीपेक्षा वर गेली की उंच भाग गुदाशयाचाच (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाचा). शिवाय गुदाशयाला गोफणीसारखा एक स्नायू पुढे ओढून धरतो आणि तिथं वाक ठेवतो. गुडघे छातीशी आले की हा वाक सरळ होतो, उकिडवं बसल्यावर होतो तसाच. रोलिंग लाइक अ बॉलमध्ये या वाटेला वरून पोटाचा दाबही मिळतो.

एक गोष्ट कुणी बोलत नाही : यातला प्रत्येक आवाज पोटातला नसतो. कंबर वर जाताना योनीत हवा शिरते आणि उतरताना बाहेर पडते. आवाज तसाच, वास मात्र अजिबात नाही. बाळंतपणानंतर असं बऱ्याच जणींना होतं. अशीला जेवण बदलायला सांगून काही उपयोग नाही. ब्रिज कमी उंचीचा ठेवा, एकेक मणका टेकवत सावकाश उतरू द्या, आणि रोल-ओव्हर काही आठवडे गाळा.

वर्गाबाहेरही, नुसतं शिंकताना-खोकताना वारा रोखता येत नसेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा काही न करता वजन उतरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला सांगा.

मॅटवाली_भुसावळ
हवेचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. मग क्रमाचं काय?

एरंडोल_पिलाटीज
जोसेफ पिलाटीज यांच्या ३४ व्यायामांच्या मूळ क्रमात रोल-ओव्हर तिसराच आहे, म्हणजे अंग जागं व्हायच्या आत कंबर डोक्यावर. सकाळच्या बॅचला तो शेवटच्या दहा मिनिटांत ढकला. सुरुवात उभ्याने रोल-डाऊन (एकेक मणका सोडत खाली वाकणं), मग हातागुडघ्यांवर कॅट (मांजरासारखी पाठ वर गोलावणं). पण क्रमापेक्षा जास्त फरक घरच्या १० मिनिटांनी पडतो. उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी, थोडी चाल. मग पाठीवर पडून आधी उजवा गुडघा पोटाशी ५-६ श्वास, नंतर डावा, मग दोन्ही. उजवा आधी, कारण मोठं आतडं उजवीकडून चढतं आणि डावीकडून उतरतं. शेवटी कोपरं टेकून, कंबर वर ठेवून मिनिटभर ओणवं राहायचं आणि शौचाला जाऊन यायचं. निघायच्या अर्धा तास आधी हे उरकलं पाहिजे.

राहिली लाज. त्यामा लाजानं काय शे? उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. थंडीत कूलर बंद, हॉल चिडीचूप आणि पोटात भरीत. पंखा एकवर चालू ठेवा, एक खिडकी उघडी. उदबत्ती नको, खोल श्वासात धूर जातो. मॅट एकामागे एक न लावता विटांच्या बांधणीसारख्या सांध्यावर लावा, म्हणजे कुणाचं डोकं कुणाच्या कंबरेमागे येणार नाही. आणि आवाज झालाच तर मोजणी थांबवू नका. 'सहा'नंतर 'सात' त्याच सुरात आला पाहिजे.